आई शेजारी बसायला तयार नसेल, तर गाडी शिकायची कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडला राहणारा, नुकतीच अठरा वर्षे पूर्ण केलेला एक मुलगा लिहितो की त्याने लर्निंग लायसन्स काढले आहे आणि ड्रायव्हिंग स्कूलचे सगळे धडे संपवले आहेत, परंतु घरातली गाडी आईची आहे आणि आई ती त्याच्या हाती द्यायला तयार नाही. वडील नोकरीनिमित्त परगावी असतात. आई एकदाच शेजारी बसली, वाटभर ओरडत राहिली, मध्येच तिने स्टिअरिंगला हात घातला आणि घरी आल्यावर "नोकरीला लाग, स्वतःची गाडी घे आणि मग काय ते शिक," असे म्हणून विषय संपवला. त्याच्या वर्गातला सतरा वर्षांचा मित्र मात्र वडिलांची गाडी घेऊन क्लासला येतो. आईला तयार कसे करावे, तिच्याऐवजी मामा किंवा मित्र शेजारी बसला तर चालेल का, आणि 'एल' लावून एकट्याने गाडी चालवता येते का, हे त्याचे तीन प्रश्न आहेत.

मी पुण्यात अनेक वर्षे चारचाकी शिकवते. माझ्याकडे शिकलेल्या बायकांची मुले आता माझ्याकडे येऊ लागली आहेत, त्यामुळे या वादाच्या दोन्ही बाजू माझ्या कानावर पडतात. कायद्याचा भाग लहान आहे, तो आधी संपवते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील तिसऱ्या नियमाप्रमाणे शिकाऊ चालकाबरोबर त्या प्रकारच्या वाहनाचे वैध लायसन्स असलेली व्यक्ती असलीच पाहिजे, आणि गाडीवर ताबा ठेवता येईल किंवा ती थांबवता येईल अशा जागी ती बसलेली असली पाहिजे. ही व्यक्ती आईच असावी अशी अट नाही, त्यामुळे मामा चालेल. पक्के लायसन्स असलेला मित्रही कायद्याने चालेल, पण ज्याचा स्वतःचाच हात अजून गाडीवर बसलेला नाही, तो तुझी चूक वेळेत ओळखणार नाही आणि ओळखली तरी मैत्रीखातर बोलणार नाही, म्हणून मित्राला शेजारी बसवून शिकू नकोस. गाडीच्या पुढे आणि मागे, किमान १८ सेंटिमीटर चौरस पांढऱ्या पाटीवर किमान १० सेंटिमीटर उंचीचे लाल 'एल' अक्षर लागते. एकट्याने चालवण्याची परवानगी ते अक्षर देत नाही. एकटा निघालास तर लायसन्स खिशात असूनही नियम मोडलेला असतो. विम्याच्या पॉलिसीतही चालकाविषयी जे कलम असते, त्यात शिकाऊ लायसन्सधारकाला मुभा असते, परंतु तिसऱ्या नियमाचे पालन होत असेल तरच. घरची पॉलिसी काढून ते कलम आईसमोर ठेव. अपघात झाला तर विमा मिळेल की नाही, ही शंका बऱ्याच पालकांच्या मनात असते आणि ती कोणी उघडपणे बोलत नाही.

सतरा वर्षांच्या मित्राचे उदाहरण घरात देऊ नकोस. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९-अ आले. त्यानुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला आणि गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता असे पोलिसांनी सांगितले, तेव्हापासून पुण्यातल्या पालकांच्या डोक्यात हे कलम पक्के बसले आहे. तुला ते लागू नाही, कारण तू अठरा पूर्ण केली आहेत. तरीही मित्राचा दाखला दिलास की आईच्या डोळ्यांसमोर नेमकी तीच बातमी उभी राहते.

आता आईकडे वळू. तू तिच्या ओरडण्याची तक्रार केली आहेस, आणि स्टिअरिंगला हात घालणे चूकच होते, याविषयी पुढे लिहिते. परंतु ती त्या वेळी कुठे बसली होती ते पाहा. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखाली क्लच आणि ब्रेक असतात, कारण तशी दुहेरी व्यवस्था असल्याखेरीज स्कूलला परवानाच मिळत नाही. मी निर्धास्त बसून शिकवू शकते ती माझ्या शांत स्वभावामुळे नव्हे, त्या ब्रेकमुळे. तुझी आई रोज स्वतः गाडी चालवते, म्हणजे धोका दिसला की तिचा पाय आपोआप दाबला जातो, आणि डाव्या सीटवर तो नुसत्या पायपुसण्यावर दाबला जातो. तिच्याजवळ थांबवण्याचे साधन उरते ते आवाज. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला साधारण ११ मीटर जाते. तिला रिक्षा दिसली, ती बोलली, तू ऐकलेस, तुला अर्थ लागला आणि मग तू पाय उचललास, एवढ्यात दीड-दोन सेकंद सहज जातात, आणि तोवर गाडी वीसेक मीटर पुढे गेलेली असते. म्हणून शेजारी बसलेल्या माणसाला तू प्रत्येक वेळी उशिरा ब्रेक मारतोस असे वाटते, तू वेळेत मारला असलास तरीही.

दुसरे कारण याहून नेमके आहे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. नवशिक्याला उजवी बाजू दिसते, डाव्या बाजूचे जजमेंट नसते, आणि समोरून येणाऱ्या गाडीच्या भीतीने तो नकळत डावीकडे सरकत जातो. त्याला आपण रस्त्याच्या मधोमध आहोत असे वाटत असते. डाव्या सीटवरच्या माणसाला मात्र कडेला उभ्या असलेल्या गाड्यांचे आरसे आपल्या खिडकीला घासून जाताना दिसतात. पालक स्टिअरिंगला हात घालतात त्यातल्या बहुतेक वेळा हे असेच घडलेले असते. त्या दिवशी आईने स्टिअरिंग उजवीकडे ढकलले का, ते आठवून पाहा.

मुले अशा वेळी "तुझा माझ्यावर विश्वास नाही" येथून सुरुवात करतात, आणि वाद गाडीवरून उठून नात्यावर जातो. विश्वासाचा विषय काढूच नकोस. आईला नेमकी कशाची भीती वाटते हे शांतपणे विचार आणि मध्ये न बोलता ऐक. गाडीला ओरखडे पडण्याची, कायद्याची, तुझ्या जिवाची आणि तुझ्या मित्रांची अशा चार वेगवेगळ्या भीती यात मिसळलेल्या असतात आणि त्यांची उत्तरेही वेगळी असतात. ओरखड्यांची असेल तर पहिले काही आठवडे मोकळ्या जागेच्या बाहेर जायचे नाही, एवढ्यावर काम भागते. मित्रांची असेल, आणि मुलांच्या आयांना ती बहुधा असतेच, तर पक्के लायसन्स मिळाल्यावर पहिले वर्षभर मित्रांना गाडीत घेणार नाही असे तू स्वतःहून सांगावेस. हे काही माझ्या मनाचे सोवळे नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात पंचवीस वर्षांखालच्या नव्या चालकाला रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत एकवीस वर्षांखालचा एकच प्रवासी घेता येतो, असा नियमच आहे. सोबतीला तरुण मंडळी असली की तरुण चालकाचे लक्ष आणि वेग दोन्ही बिघडतात, हे तिथल्या सरकारने गृहीत धरले आहे.

आणखी एक गोष्ट तपासून पाहा. तू आज दुचाकी चालवत असशील, आणि ती आईच्या नावावर असेल तर तिच्या ई-चलनाचे संदेश आईच्याच मोबाइलवर येतात. हेल्मेट नाही, सिग्नल तोडला, उलट्या दिशेने आला, अशी दोन-तीन चलने आली असतील तर तुझ्याविषयीचे तिचे मत तिथेच तयार झालेले आहे, आणि ते चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. तसे असेल तर आधी काही महिने दुचाकी नीट चालव, चारचाकीचा विषय नंतर काढ.

समज, तसे काही नाही आणि आईचा नकार केवळ भीतीपोटी आहे. तरीही तू म्हणतोस तसे तुझे शिकणे खरोखर पूर्ण झाले आहे का? नियमाप्रमाणे हलक्या खासगी वाहनाचे प्रशिक्षण किमान २१ दिवसांचे आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तासांचे असायला हवे. व्यवहारात पुष्कळ ठिकाणी अर्ध्या तासाच्या धड्यातला निम्मा वेळ सिग्नलवर जातो, किंवा एका गाडीत तीन विद्यार्थी बसतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला दहा मिनिटे येतात. त्याहून मोठी अडचण शिक्षकाच्या पायाची असते. गाडी बंद पडू नये आणि मागच्यांचे हॉर्न ऐकावे लागू नयेत म्हणून शिक्षक हळूच क्लच दाबून धरतो, उतारावर ब्रेक सांभाळतो, आणि विद्यार्थ्याला वाटते की आपणच चालवतो आहोत. असा विद्यार्थी घरच्या गाडीत बसला की पहिल्याच चौकात तीनदा गाडी बंद पाडतो, आणि शेजारची आई घाबरते. म्हणून स्कूलकडे आणखी दोन-तीन धडे माग आणि शिक्षकांना स्पष्ट सांग की त्यांनी पाय पेडलवरून काढून खाली ठेवावेत, गाडी बंद पडली तरी पडू द्यावी. यातल्या एका धड्याला आईला मागच्या सीटवर बसव. मी पालकांना असे आवर्जून बोलावते. पुढे बसलेल्या माणसापाशी ब्रेक आहे हे माहीत असल्यामुळे त्या गाडीत आई ओरडत नाही, पहिल्यांदाच तुला नीट पाहते, आणि उतरताना बहुतेक वेळा तिचे प्रश्न बदललेले असतात.

त्यानंतरही लगेच किल्ली मागू नकोस. आधी आठ-दहा दिवस, आई गाडी चालवत असताना तू शेजारी बस आणि रस्ता मोठ्याने वाच. पौड फाट्यावरून कर्वे रस्त्याने नळ स्टॉपकडे जाताना काय काय दिसते ते बोलत राहा. पुढची बस स्टॉपवर थांबणार आहे आणि तिच्यापुढून माणसे रस्ता ओलांडतील, उजवीकडची रिक्षा इंडिकेटर न देता डावीकडे वळेल कारण तिथे एक बाई हात करून उभी आहे, डाव्या बाजूने दोन दुचाक्या आत शिरत आहेत, उभ्या गाडीत चालक बसलेला दिसतो म्हणजे तिचा दरवाजा उघडू शकतो. आईला आधी हे हास्यास्पद वाटेल. दोन-तीन दिवसांनी ती स्वतः भर घालू लागेल, तुला न दिसलेले दाखवेल. यात गाडीला धक्का लागण्याची शक्यता शून्य आहे, खर्च काही नाही, आणि तुला काय दिसते हे तिला कळण्याचा याहून चांगला मार्ग मला सापडलेला नाही.

हेच बोलणे नंतर तू चालवत असताना चालू ठेवायचे. जगभरचे प्रशिक्षक, पोलिसांच्या वाहनचालकांना शिकवणारेसुद्धा, ही पद्धत वापरतात. "समोरची रिक्षा थांबेल असे वाटते, मी पाय उचलला आहे, उजवा आरसा पाहिला, मागे स्कूटर आहे, तिला पुढे जाऊ देतो," असे तू आधीच म्हणालास की आईला ओरडण्याचे कारणच उरत नाही, कारण तिला जे सांगायचे होते ते तू पाहिले आहेस हे तिला ऐकू आले. ज्या गोष्टीविषयी तू काहीच बोलला नाहीस ती तुझ्या नजरेतून सुटली आहे हेही तिला वेळेत कळते, आणि तेवढीच ती सांगते. बोलताना दम लागला किंवा वाक्य अर्धवट राहू लागले, तर वेग तुझ्या नजरेपेक्षा जास्त झाला आहे असे समजून तो कमी कर.

जागेविषयी सांगायचे तर पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या एमआयडीसीत बहुतांश कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्या दिवशी आतले रस्ते रुंद आणि बऱ्यापैकी मोकळे मिळतात. कोथरूडहून तिथवर गाडी आईने चालवत न्यावी. पहिल्या दिवशी फक्त क्लच. सपाट जागेवर, अॅक्सिलरेटरला पाय न लावता, पहिल्या गिअरमध्ये क्लच इतका हळू सोडायचा की गाडी झटका न देता सरकू लागेल. दहा मीटर जायचे, थांबायचे आणि पुन्हा तेच करायचे. हे कंटाळवाणे आहे आणि मुलांना ते अजिबात आवडत नाही, परंतु हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धवट सोडून धरलेल्या स्थितीत, पाय स्थिर झाल्याखेरीज पुण्याच्या रहदारीत शिरणे म्हणजे आईची परीक्षा घेणे आहे.

दुसऱ्या दिवसापासून डाव्या बाजूचे जजमेंट. रस्त्याच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्याला किंवा फुटपाथला समांतर गाडी उभी कर, खाली उतरून डावे चाक आणि कड यांतले अंतर बघ, परत बसून ती कड समोरच्या काचेत नेमकी कुठे दिसते ते लक्षात ठेव. वायपरची एखादी जागा किंवा बॉनेटचा एखादा बिंदू खूण म्हणून सापडतो. खुर्ची पुढे-मागे केलीस की ही खूण बदलते, म्हणून आईच्या मापाची खुर्ची आधी स्वतःच्या मापाची करून घे आणि मगच सुरू कर. अंतर सांगण्याचे काम आईला दे, कारण तिला तिच्या जागेवरून ते दिसते. "एक फूट आहे," "अर्धा फूट आहे," एवढेच तिने सांगावे. ज्या गोष्टीने ती त्या दिवशी घाबरली, त्याच गोष्टीत ती तुझी मदतनीस होते, आणि हा बदल शब्दांनी समजावून होत नाही.

आईसाठीही काही नियम लागतील, ते तू शिकवू नकोस, दोघांनी बसून गाडी सुरू करण्याआधी ठरवा. स्टिअरिंगला हात लावायचा नाही. डावीकडून कोणी अचानक चाक ओढले की चालकाचे हात आपोआप विरोध करतात आणि गाडी कुणाचेच ऐकत नाही. हात ठेवायचाच तर हँडब्रेकवर ठेवावा. दोन सीटच्या मधे उभा दांडा असलेल्या गाडीत बटण दाबून धरून तो हळूहळू ओढला तर कमी वेगात गाडी आवरता येते. जास्त वेगात तो जोरात ओढला तर मागची चाके जाम होऊन गाडी घसरते, म्हणून आई निर्धास्त होईपर्यंत वेग ताशी ३० च्या वर न्यायचा नाही, हा त्यातूनच येणारा नियम. नव्या गाड्यांत दांड्याऐवजी इलेक्ट्रॉनिक बटण असते, त्याचे काम वेगळ्या रीतीने चालते, ते गाडीच्या पुस्तिकेत आधी वाचून घ्या. हँडब्रेक हाताशी आहे एवढे कळले तरी कित्येक पालकांचा आवाज निम्मा होतो.

शब्दही ठरवून घ्या. "ब्रेक" म्हणजे ताबडतोब दाब, कारण विचारू नकोस. "बाजूला घे" म्हणजे इंडिकेटर देऊन, आरसा पाहून, सुरक्षित जागा मिळताच डावीकडे थांब. बाकी सगळे सामान्य आवाजात आणि आधी सांगायचे. "अरे देवा" आणि "बघ बघ" हे उद्गार पूर्ण बंद, कारण त्यांतून कुठे बघायचे ते कळत नाही आणि घाबरलेला मुलगा आईच्या तोंडाकडे बघतो. आईने "बाजूला घे" म्हटले की तू वाद न घालता घ्यायचीस, एवढा अधिकार तिच्याकडे नक्की राहू दे. तो तिला मिळाला म्हणजे ती तो क्वचितच वापरते. चुकांची चर्चा इंजिन बंद झाल्यावर करायची, चालत्या गाडीत नाही, आणि जेवणाच्या टेबलावर आजी-आजोबांसमोर तर मुळीच नाही.

एका वेळी अर्धा-पाऊण तास पुरे. त्यापुढे दोघेही थकतात आणि भांडण शेवटच्या दहा मिनिटांत होते. एक वही ठेव, तारीख, रस्ता, वेळ, काय जमले, काय राहिले, आणि खाली आईची सही. न्यू साउथ वेल्समध्ये पंचवीस वर्षांखालच्या शिकाऊ चालकाला १२० तासांच्या सरावाची अशी नोंदवही भरावी लागते, त्यांतले २० तास रात्रीचे असतात. आपल्याकडे लर्निंग लायसन्स मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते आणि दरम्यान किती तास चालवले हे कोणी विचारत नाही, त्यामुळे हा हिशेब घरानेच ठेवायचा असतो. "तुला काही येत नाही" आणि "मला सगळे येते" या दोन्ही वाक्यांना त्या वहीपुढे जागा राहत नाही.

चढाचा सराव वेगळा करावा लागतो, कारण पुण्यात मागची दुचाकी तुझ्या बंपरला चिकटूनच उभी असते आणि गाडी हातभर मागे आली तरी वादावादी होते. हँडब्रेक लावून, पहिला गिअर टाकून, क्लच इतका सोडायचा की इंजिनाचा आवाज जड होईल आणि बॉनेट किंचित उचलल्यासारखे वाटेल, मग थोडा अॅक्सिलरेटर देऊन हँडब्रेक सोडायचा. आधी रिकाम्या उतारावर, मागे कोणी नसताना हे कर आणि नंतरच चांदणी चौकाकडच्या चढांवर जा. उतरताना, विशेषतः घाटात, गाडी न्यूट्रलवर सोडून पेट्रोल वाचवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नकोस. ज्या गिअरमध्ये चढ चढावा लागतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचे. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा लांब उतार अपघातांमुळे कसा बदनाम झाला आहे, हे आईला विचार. त्या रस्त्यावर शिकाऊ असताना जाऊच नकोस. अरुंद घाटरस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते, हे माहीत असूनही बरेच जण पाळत नाहीत, तू पाळ.

पाऊस आणि रात्र यांचा सराव दिवसाच्या कोरड्या रस्त्यावर हात बसल्यावरच करावा. पहिल्या सरींत रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिळून चिखलट थर तयार होतो, तेव्हा अंतर दुप्पट ठेवावे, आणि काचेवर वाफ धरली तर एसी काचेकडे वळवून लावावा, एवढे आत्ता पुरे.

हे सगळे करूनही आई नाहीच म्हणाली तर? तसेही होते, आणि गाडी तिची आहे. मामा तयार असेल तर त्याची गाडी, त्याचे नियम आणि त्याचा विमा, परंतु आईला सांगूनच. पुण्यात स्वतंत्रपणे काम करणारे प्रशिक्षक तुमच्याच गाडीवर सराव घ्यायला घरी येतात. त्यांच्याकडे दुहेरी ब्रेक नसतो, म्हणून स्कूलचे धडे पक्के झाल्यावरच त्यांना बोलवावे, आणि आईने आधी एकदा त्यांच्याबरोबर फिरून पाहावे. आई झोपलेली असताना किल्ली उचलून सोसायटीत एक चक्कर मारणे हा मार्ग मात्र धरू नकोस. तो पकडला जातोच. पकडला गेला की आईची भीती खरी ठरते, आणि पुढची दोन वर्षे कोणाच्याही समजावण्याचा उपयोग होत नाही. महिन्याभराने पुन्हा विचार करशील का, एवढेच तिला विचार. "आत्ता नको" हे उत्तर घेऊन वहीतले पान तसेच ठेव आणि तिच्याबरोबर शेजारी बसून रस्ता वाचणे थांबवू नकोस. नकार देणारे पालक बहुधा एकदम हो म्हणत नाहीत. एखाद्या गुरुवारी सकाळी "चल, एमआयडीसीत जाऊ या," असे त्यांच्याच तोंडून निघते.

लायसन्सच्या मुदतीची घाई करू नकोस. लर्निंग लायसन्स सहा महिने चालते, तोवर परीक्षा झाली नाही तर ते पुन्हा काढता येते, त्यात फक्त शुल्क आणि थोडा वेळ जातो. पुण्यात चारचाकीची परीक्षा भोसरीच्या संगणकीकृत ट्रॅकवर होते. तिथे आठच्या आकाराचे वळण, रिव्हर्स, पार्किंग आणि चढ हे सगळे सेन्सर आणि कॅमेरे टिपतात, आणि एजंटाच्या ओळखीचा तिथे उपयोग नसतो. चढावर गाडी मागे आली किंवा रिव्हर्समध्ये कडेला लागली की गुण कापले जातात, म्हणजे एमआयडीसीतल्या त्या कंटाळवाण्या क्लचचा हिशेब तिथे लागतो. परीक्षा आईच्याच गाडीवर द्यायची असेल तर नोंदणी, विमा आणि पीयूसी यांची कागदपत्रे चालू तारखेची आहेत ना ते आधी पाहून घे, आणि तिथवर गाडी चालवत नेताना शेजारी लायसन्सधारक असू दे. उन्हाळ्याच्या सुट्टीत परीक्षेच्या तारखा लवकर भरतात, त्यामुळे वहीवर आईच्या पुरेशा सह्या जमल्या की लगेच, शक्यतो कामाच्या दिवशी सकाळची वेळ घे. रजेचे दोघांनी मिळून ठरवा, कारण त्या दिवशी डाव्या सीटवर तिलाच बसायचे आहे.